निघण्यापूर्वीचा सण

परदेशी निघालेल्या माणसाला निरोप देणे ही गोष्ट आता आपल्या गावात नवलाईची राहिलेली नाही. मुलाला ऑगस्टमध्ये अमेरिकेत शिकायला जायचे असले की घरातली आई जुलैतच, भर पावसात, चकलीची भाजणी भाजायला घेते. गणपतीला अजून महिना असतो, तरी उकडीचे मोदक एकदा होऊन जातात. शेजारीपाजारी फराळाची ताटे पोहोचतात आणि सोबत निरोप जातो की, आमची दिवाळी यंदा आषाढातच उरकली. पावसाळी हवेने त्या चकल्या संध्याकाळपर्यंत मऊ पडतात. पण असल्या वेळी ते कोणी बोलून दाखवीत नाही.

हा सण पंचांगातला नव्हे, तिकिटावरचा. त्याची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. आमच्याही घरी तो एकदा होऊन गेला आहे. पण तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात ठाण मांडून बसला आहे. घर सोडण्यापूर्वीचा शेवटचा सण माणसे साजरा करतात, तेव्हा त्यात नेमके काय घडते? जाणारा काय चाखतो, काय बरोबर नेतो, आणि मागे राहणाऱ्याच्या पानात काय उरते? आपल्याच घराकडे पाहून याचे उत्तर काढू गेले तर निघत नाही. तेथे डोळे भरलेले असतात आणि बॅगांचे वजन करायचे राहिलेले असते. म्हणून आज आम्ही जरा लांबचे, पण फार लांबचे नव्हे, असे एक उदाहरण घेणार आहोत. यात एक मुलगा नव्हे, एक घर नव्हे, तर मराठी बोलणारा जवळजवळ सबंध समाज, पंचवीस-तीस वर्षांच्या अवधीत, घरे आवरून समुद्रापलीकडे गेला. हा समाज म्हणजे कोकणातले बेने इस्राएल.

अलिबाग, पेण, रोहे, पनवेल या भागांत ज्यांचे जाणेयेणे आहे त्यांना हे नाव अपरिचित नसेल. या लोकांची परंपरा अशी सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या जिवंत वर आल्या, आणि बुडालेल्यांना तेथेच मूठमाती दिली गेली. हे कधी घडले? दोन हजार वर्षांपूर्वी, असे ते म्हणतात. इतिहासकार एवढ्या लांब जायला कचरतात. आम्ही त्या वादात शिरत नाही. पुढे तेलाचे घाणे चालवून ही मंडळी पोट भरू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवू लागली, आणि लोकांनी त्यांना ‘शनवार तेली’ असे सुटसुटीत नाव दिले. आडनावे आपल्यासारखीच गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, नवगावकर, चेऊलकर, दिवेकर, अष्टमकर. बायका लुगडे नेसत, मंगळसूत्र घालीत. घरची, दारची, भांडणाची आणि अंगाईची भाषा मराठी. मात्र मुलाची सुंता आठव्या दिवशी, शनिवारी काम नाही, आणि खवले व पर नसलेला मासा पानात नाही. एवढ्या मोजक्या खुणांवर त्यांचे यहूदीपण शतकानुशतके टिकले.

आता आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट येते, ती म्हणजे त्यांच्या सणांची. यहूदी धर्माचे जे सण जगभर हिब्रू नावांनी ओळखले जातात, त्यांना कोकणात नावे पडली ती अस्सल मराठी. वर्षारंभाचा रोश हशाना म्हणजे ‘नव्याचा सण’. त्यानंतर लगेच ‘खिरीचा सण’. पापक्षालनाचा कडकडीत उपवास जो योम किप्पुर, त्या दिवशी माणसे पांढरे कपडे घालून दारे लावून घरात बसत, म्हणून तो ‘दरफाळणीचा सण’. आणि दुसऱ्या दिवशी दानधर्म करायचा, आप्तेष्टांना भेटायचे, तो ‘शिळा सण’. यरुशलेमचे मंदिर पडल्याच्या शोकाचा जो दिवस, त्याच्याशी वालाचे बिरडे जोडले गेले आणि तो झाला ‘बिरड्याचा सण’. पुरीम हा ‘होळीचा सण’. आणि मिसर देशाच्या गुलामीतून सुटकेचा जो मोठा सण, पेसाह, त्यात आठ दिवस आंबवलेले काही खायचे नाही, आंबट पदार्थाची अनशी झाकून ठेवायची, म्हणून तो ‘अनशी ढाकायचा सण’. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास लिहिला (तो छापून निघायला १९३७ साल उजाडले), त्यात ही सारी नावे नोंदवून ठेवलेली आहेत. नावे वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. यांतले बहुतेक सण देवावरून किंवा पुराणकथेवरून ओळखले जात नाहीत. ते ओळखले जातात खीर, बिरडे, अनशी, दार यांवरून. पुरुषांच्या पोथीतून नव्हे, तर बायकांच्या स्वयंपाकघरातून हे पंचांग चालत आले, असा आमचा तर्क आहे.

पुरीमला होळीचे नाव का मिळाले, हे समजण्यासाठी आकाशाकडे पाहावे लागते. यहूदी कालगणना आणि आपली कालगणना या दोन्ही महिने चंद्रावर मोजतात आणि वर्ष सूर्याशी जुळवून घेतात. म्हणून दोन्हींत अधिक मास आहे. त्यांच्यात १९ वर्षांत ७ अधिक मास, तेही ठरलेल्या वर्षी आणि वर्षाच्या ठरलेल्या जागी. आपल्यात तो साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो आणि जागा बदलतो. मधली काही वर्षे महिनाभराचे अंतर पडते. एरवी पुरीमचा चंद्र आणि होळीचा चंद्र एकच असतो. नव्याचा सण घटस्थापनेच्या आगेमागे येतो, मांडवांचा सण सुक्कोथ कोजागिरीच्या सुमारास, आणि पेसाह चैत्री पौर्णिमेच्या जवळ. शेजारी होळीची पुरणपोळी करतो आहे आणि आपल्याही घरी त्याच चंद्राला पुरणपोळी होते आहे, मग त्या सणाला ‘होळीचा’ म्हटले तर बिघडले कोठे? शिवाय मांस आणि दूध एका जेवणात आणायचे नाही हा त्यांच्या धर्माचा दंडक. कोकणाने त्यावर तोड काढून दिली ती नारळाची. खीर नारळाच्या दुधाची, नव्याच्या सणाचा गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्या दुधाचा. शुक्रवारी संध्याकाळी आशीर्वाद म्हणायला द्राक्षाची दारू हवी, ती गावात कोठली मिळायची? तेव्हा मनुका भिजवून, कुसकरून, गाळून त्यांचे सरबत.

पण एका ठिकाणी हा मेळ बसला नाही, आणि ती जागा आम्हांला फार बोलकी वाटते. सुक्कोथच्या अखेरीस यहूदी लोक पावसासाठी प्रार्थना करतात. पॅलेस्टाइनच्या भूमीत ते अगदी योग्य आहे. तेथे उन्हाळाभर थेंब पडलेला नसतो आणि पहिल्या पावसाकडे शेतकरी डोळे लावून बसलेला असतो. कोकणात मात्र तो काळ आश्विनाचा. चार महिने धो धो कोसळून पाऊस नुकता कोठे उघडलेला, शेतात भात पिवळे होऊन उभे, आणि आता एक जोराची सर आली तर लोंब्या आडव्या व्हायच्या. अशा वेळी नेमकी पावसाची प्रार्थना! म्हणणाऱ्याचे तोंड एका देशाकडे आणि पाय दुसऱ्या देशाच्या चिखलात. उलट खिरीचा सण पाहा. तो नव्या धान्याचा, म्हणजे सर्वस्वी या मातीचा. अशा दोन देशांच्या मध्ये त्यांचे वर्ष फिरत होते, आणि त्यात कोणाला काही अडचण वाटत नव्हती, कारण त्या दुसऱ्या देशाला जाण्याचा प्रसंग प्रत्यक्षात येईल असे कोणी धरून चाललेले नव्हते.

तो प्रसंग १९४८ साली आला. त्या वर्षी १४ मे रोजी इस्राएल राष्ट्राची स्थापना झाली. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण तिचा विसर पडतो. बेने इस्राएलांना या देशातून कोणी घालवले नाही. यहूदी म्हणून छळ झाल्याचे त्यांच्या येथील इतिहासात नाही, आणि हे ते स्वतःच आवर्जून सांगतात. मग ते गेले का? धर्माची ओढ होती, हे पहिले. इंग्रजी अमदानीत रेल्वे, टपाल, कस्टम, लष्कर या खात्यांतून त्यांतल्या अनेकांची उपजीविका चाले. ती राजवट गेली आणि पुढच्या पिढीचे काय, ही चिंता लागली, हे दुसरे. पण आमच्या मते सर्वांत जोरकस कारण तिसरेच आहे, आणि ते सणांशी निगडित आहे.

यहूदी सामुदायिक प्रार्थनेला, जुन्या नियमाप्रमाणे, वयात आलेले दहा पुरुष हजर लागतात. नऊ असून चालत नाही. नऊ जण कितीही भाविक असले तरी काही प्रार्थना म्हणता येत नाहीत, धर्मग्रंथाची गुंडाळी उघडून विधिपूर्वक वाचता येत नाही. मुंबईत मांडवी भागात १७९६ साली उभारलेले समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर आहे, पुण्यात रास्ता पेठेत एक आहे. असल्या शहरांत दहा जण जमणे कठीण नव्हते. पण रेवदंडा, म्हसळे अशा ठिकाणी सारा समाज म्हणजे थोडी घरे. समजा एखाद्या गावात तेरा पुरुष आहेत. एक घर निघाले, बाप आणि दोन मुलगे गेले, राहिले दहा. सण कसाबसा पार पडला. पुढच्या वर्षी कोणी आजारी पडला, कोणी मुंबईला बदलून गेला, की मशिदीचे (कोकणात तिला मशीदच म्हणत) दार उघडून नऊ माणसे एकमेकांकडे बघत बसणार. ज्यांना मुळीच जायचे नव्हते त्यांनाही मग जाण्याचा विचार करावा लागला. एका घराचा शेवटचा सण हा अशा रीतीने शेजारच्या घराच्या सणातला एक दगड काढून नेई. १९५१ साली सुमारे वीस हजार असलेला हा समाज आज आपल्या देशात अवघा काही हजारांवर आला आहे. २०११ च्या शिरगणतीत सर्व पंथांचे यहूदी मिळून पाच हजारही भरले नाहीत. ही ओसरण एकदम झाली नाही, ती दहा-दहाच्या हिशेबाने झाली.

आता पेसाहकडे वळू. हा सण मंदिरात नव्हे, घरात, ताटाभोवती बसून साजरा होतो. त्या रात्री ‘हग्गादा’ नावाचे पुस्तक वाचले जाते. त्यात मिसर देशातून सुटून निघाल्याची कथा आहे. घरातले सर्वांत लहान मूल प्रश्न विचारते आणि मोठ्यांनी उत्तरे द्यायची. आपल्या पुण्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे १८७४ साली येथे हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर असा सचित्र हग्गादा छापला गेला, आणि त्यातल्या एका चित्रात लुगडी नेसलेल्या बायका खाली बसून सणाची बिनखमिराची भाकरी करताना दाखवल्या आहेत. जगात हग्गादाच्या आवृत्त्या हजारोंनी निघाल्या असतील. पण खाली बसून भाकरी करण्याची ही ढब ज्याने काढली त्याने आपले घर ओळखून काढली. या वाचनाच्या शेवटी, पुढचे वर्ष यरुशलेमात उजाडो, अशा अर्थाची इच्छा व्यक्त करतात. शेकडो वर्षे, जगाच्या पाठीवर कोठेही असले तरी, ही इच्छा बोलून लोक उठत, हात धूत आणि झोपी जात. १९४८ नंतर ज्यांच्या कपाटात तिकिटे येऊन पडली होती, त्यांच्या तोंडी ते वाक्य आले तेव्हा ते एकाएकी खरे झाले.

अशी एक रात्र आम्ही लहानपणी पाहिली आहे. १९६५ सालचा एप्रिल. आमचे बिऱ्हाड तेव्हा रास्ता पेठेतल्या एका वाड्यात होते आणि समोरच्या खोल्यांत एक बेने इस्राएल कुटुंब राही. गृहस्थ रेल्वेत होते. त्यांच्या पत्नीला आम्ही मुले मावशी म्हणत असू. त्यांचे जायचे वर्षभर आधी ठरले होते. मध्ये ते लांबले, कारण तिकडून बातम्या चांगल्या येत नव्हत्या. त्याआधी १९५१-५२ साली तिकडे गेलेल्यांपैकी काहींनी, काम मिळत नाही, जेवण रुचत नाही आणि रंगावरून दुजाभाव होतो, अशी तक्रार करून तेल अवीवमध्ये धरणे धरले होते आणि त्यांतले काही १९५२ साली परतही आले होते. पुढे बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत तिकडच्या धर्मपीठाने शंका काढली. त्यावर १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेमला मोठे आंदोलन झाले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेथील संसदेने हे लोक सर्वार्थाने यहूदी आहेत असे जाहीर केल्यावर तो वाद मिटत गेला. हे सारे आम्हांला मागाहून कळले. तेव्हा एवढेच कानांवर होते की मावशींचे यजमान म्हणत, ‘‘आपण बेने इस्राएल आहोत की नाही, हे आधी त्यांचे ठरू दे. मग निघू.’’

ठरले, आणि तिकिटे आली. तारीख मिळत होती मार्च महिन्यातली. मावशींनी ती घेऊ दिली नाही. ‘‘पेसाह इथे होईल, मग जाऊ,’’ एवढेच त्या म्हणाल्या. त्यांचे हे बोलणे आमच्या आईने पुढे कित्येकदा सांगितले, म्हणून आम्हांला ते पाठ आहे. आज आम्ही तिकिटाप्रमाणे सण हलवतो. त्या बाईने सणाप्रमाणे तिकीट हलवले. तिच्या दृष्टीने त्यात पराक्रम काही नव्हता. पेसाह हा निसानच्या पौर्णिमेलाच यायचा. तो फाल्गुनात करून टाकू, असे म्हणण्याची सोयच त्या धर्मात नाही.

पेसाहपूर्वी घरातला खमिराचा कणन् कण काढायचा असतो. घराला चुना लावतात, डबे उलथेपालथे करतात, भांड्यांना कल्हई करतात. आम्हांला वाटले होते, यंदा हे काही होणार नाही. ज्या घरात पंधरा दिवसांनी आपण राहणार नाही, त्या घराला चुना कशाला? पण चुना लागला. कल्हईवाला आला, त्याने वाड्याच्या चौकात खड्डा करून भाता रोवला, आणि आम्ही मुले भोवती जमलो. पातेले तापले की नवसागराची चिमूट, पांढऱ्या धुराचा लोट, मग कथिलाची कांडी आणि कापसाचा बोळा फिरवताच आतली बाजू चांदीसारखी लख्ख. दरवर्षी जेवढी भांडी निघत तेवढी सगळी निघाली. त्यांतले एकही भांडे तिकडे जायचे नव्हते. विमानाला वजनाची मर्यादा, आणि तांब्या-पितळेचे वजन मोठे. आईने विचारलेसुद्धा, ‘‘ताई, हा खर्च आता कशाला?’’ मावशींनी काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा दिलेच नाही. त्या मनुका निवडीत बसल्या होत्या.

त्या रात्री आईला आणि आम्हा मुलांना त्यांनी मुद्दाम बोलावले. एरवी सण संपल्यावर ताट यायचे. ताटाभोवती मावशी, त्यांचे यजमान, दोन मुली, एक मुलगा, आणि मावशींची थोरली बहीण, जी विधवा होती आणि जाणार नव्हती. तिला ‘यायचे असेल तर ये’ असे तिकडून पत्र आले होते. ती म्हणाली, माझ्या माणसाची कबर इथे आहे. भात होता, मटण होते, खजुराचे गोड होते, मनुकांचे सरबत होते. जेवण नेहमीसारखेच झाले. शेवटचे म्हणून एक पदार्थ जास्त केलेला नव्हता. धाकट्या मुलाने हिब्रूत प्रश्न म्हटले, ते त्याला पाठ होते, अर्थ ठाऊक नव्हता. यजमानांनी मराठीतून उत्तरे वाचली. वाचन अखेरीस आले. ते यरुशलेमचे वाक्य येताच ते थांबले. वाक्य हिब्रूतले, तेव्हा आम्हांला कळले नव्हते; आम्हांला फक्त दिसले की काका वाचता वाचता थांबले आणि मावशींच्या बहिणीकडे पाहू लागले. वाक्य सर्वांसाठी आहे. बसलेल्या सहांपैकी पाचांना ते लागू होते. मग त्या बहिणीनेच पुढे होऊन ते म्हटले, मोठ्याने, आणि भांडी उचलायला घेतली.

हग्गादाचे ते पुस्तक यजमानांनी तिला देऊन टाकले. तिकडे मराठीतून कोण वाचणार, असे ते म्हणाले. याबाबत त्यांचा अंदाज चुकला, ते पुढे येईलच.

निघण्याच्या आधल्या रविवारी त्यांच्या घरी मलिदा झाला. बेने इस्राएलांचा हा विधी खास त्यांचाच आहे. भिजवलेल्या पोह्यांत खोवलेला नारळ, साखर, वेलदोडा, सुका मेवा घालायचा, मोठ्या ताटात रास करायची, भोवती फळे मांडायची, फुले ठेवायची, आणि एलियाहू हन्नाबी या पैगंबराचे स्तवन करायचे. नवस फेडताना, नव्या घरात जाताना, लग्नापूर्वी, प्रवासाला निघताना, असा कोणत्याही मोठ्या कामाआधी किंवा नंतर मलिदा करतात. एलियाहू हा मेला नाही, अग्निरथात बसून स्वर्गाला गेला, अशी कथा बायबलात आहे. बेने इस्राएल पुढे सांगतात की, जाण्यापूर्वी तो कोकणात येऊन गेला. अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावर त्याच्या घोड्याच्या टापांची आणि रथाच्या चाकांची खूण आहे. मावशींचे कुटुंब त्याआधी महिनाभर तेथे जाऊन आले होते. खडकाला नमस्कार केला, नारळ घेऊन आले, आणि त्याच नारळांचा हा मलिदा, असे त्यांनी सांगितले. त्या दिवशी वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला पोह्यांचा द्रोण आला, आणि प्रत्येक बिऱ्हाडात एक एक कल्हई केलेले भांडे गेले. आमच्याकडे आले ते मोठे तांब्याचे पातेले. आईने दुसऱ्या दिवशी त्यात वरण शिजवले, आणि मावशींनी ते चौकातून पाहिले.

आम्ही पुढे या विषयाचे जे काही वाचले, त्यातून तिकडची हकीगत थोडक्यात अशी. बेने इस्राएलांतले बरेच लोक दिमोना, बीरशेबा, अशदोद, लोद, रामले अशा गावांत वसले. दिमोना हे तर १९५५ साली वाळवंटात नव्याने वसवलेले गाव. तेथे नारळाचे झाड नाही. १९४९ पासून दहा वर्षे त्या देशात शिधावाटप होते, तेव्हा आधी गेलेल्यांनी खिरीचा सण कसा केला असेल ते त्यांनाच ठाऊक. जे सण कोकणच्या हवेवर उभे होते ते तेथे विरळ होत गेले. नव्या भाताची खीर करायची, पण नवा भात कोठला? दरफाळणीला आता सारा देशच दारे लावून बसतो, तेव्हा त्या नावात वेगळेपण उरले नाही. पावसाची प्रार्थना मात्र प्रथमच आकाशाशी जुळली. मनुकांच्या सरबताची गरज संपली, कारण द्राक्षाची दारू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागली. तरी पुष्कळ घरांत ते टिकले. आणि मलिदा, जो कोणत्याही तिथीला बांधलेला नाही, ज्याला पोहे, खोबरे आणि चार माणसे पुरतात, तो तेथे पूर्वीपेक्षा जोरात होऊ लागला. खंडाळ्याचा खडक नेता आला नाही. पण हैफाला एलियाहूची गुहा म्हणून एक जुनी जागा आहे, तेथे हे लोक जाऊ लागले. आणखी गंमत म्हणजे, १९८० च्या दशकापासून तेथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघू लागले. तिकडे मराठीतून कोण वाचणार, या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते काढले नसेल. आम्हांला मात्र ते तसेच वाटते.

मागे राहिलेल्या बहिणीचे आम्ही फार सांगू शकत नाही. ती आणखी अकरा वर्षे त्याच पेठेत होती. पेसाहच्या रात्री ती मंदिराजवळच्या एका घरी बसायला जाई. हग्गादा बरोबर नेई. एके वर्षी पाऊस-वादळामुळे दिवे गेले आणि तिला जाता आले नाही, तेव्हा आईने आम्हांला तिच्याकडे सोबतीला पाठवले. आम्ही तेव्हा कॉलेजात जाऊ लागलो होतो. मेणबत्तीच्या उजेडात तिने पुस्तक आमच्या हाती दिले आणि म्हणाली, मराठीचे तेवढे वाच, बाकीचे मला येते. लहान मुलाने विचारायचे प्रश्न आम्ही वाचले, तिने उत्तरे दिली. यरुशलेमच्या वाक्यापाशी तिने मान हलवली आणि मेणबत्ती विझवू नकोस, आपोआप विझू दे, असे सांगितले.

१९९२ साली भारत आणि इस्राएल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध जुळले आणि जाणेयेणे वाढले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात मावशींची धाकटी मुलगी आमचे नवे घर शोधत आली. पन्नाशीला टेकलेली बाई, बरोबर कॉलेजातला मुलगा, त्याला मराठी समजत होते पण बोलता येत नव्हते. तिने आल्या आल्या आईच्या पाया पडून विचारले, पातेले आहे का? आईने माळ्यावरून काढून दिले. कल्हई केव्हाच उडाली होती. कल्हईवाला आमच्या बाजूला यायचा बंद झाला त्याला वर्षे झाली होती. तिने ते उपडे करून काठाखाली बोट फिरवले. तेथे ठोक्याठोक्यांनी कोरलेले मावशींचे नाव होते, देवनागरीत. मुलाला तिने ते एकेक अक्षर लावून वाचायला लावले. आई म्हणाली, घेऊन जा. तिने दोन्ही हातांनी पातेले उचलून पाहिले, विमानात किती किलो चालतात ते मुलाला हिब्रूत विचारले, हसली, आणि ते खाली ठेवून चहाचा कप हातात घेतला.